भोंग्याची मान

बन्सीलालने भोंग्याच्या बरगड्यांवरून अंगठा फिरवला. शेवटच्या दोन बरगड्या हाताला लागल्या, पण डोळ्यांना दिसत नव्हत्या. मांडी घट्ट, पंजाची गादी टणक, हिरड्या गुलाबी. कुत्र्यात खोड काढायला जागाच उरली नव्हती आणि बन्सीलालला नेमकं त्याचंच भय वाटत होतं.

"काय म्हनतस, आबा? तयार शे का?" चुडामणने विचारलं.

"मान दखू दे," बन्सीलाल म्हणाला.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानडुकरं उतरली की केळीची बाग आडवी करून जातात. त्यांच्यावर कुत्रा कधी सोडायचा, हे बन्सीलालला विचारून ठरे. लग्नाला पत्रिका पाहतात, राखणीला बन्सीलाल, असं लोक थट्टेने म्हणत, आणि येत मात्र त्याच्याचकडे. तो सांगे, हे केळीच्या घडासारखं आहे. घाईने कापला तर कच्चा, उशिरा कापला तर ट्रकमध्येच पिवळा. कुत्र्याची उमेदही अशीच भरते आणि कुणासाठी थांबत नाही.

अंग कुणीही तपासेल. खरी पारख मानेची. कुत्र्याला विहिरीजवळून सोडायचं. समोरच्या बांधावर, डुकरांच्या लोळणीतला चिखल माखलेलं पोतं ठेवायचं. मध्ये पाण्याचा पाट. पाट ओलांडताना मालक मागून येतोय ना, म्हणून कुत्र्याने वळून पाहिलं तर तो कच्चा. डुकराला तेवढी सवड पुरते. चुडामणचा आधीचा कुत्रा असाच फाटून मेला होता. त्याला सोडताना चुडामणने कुणालाच विचारलं नव्हतं.

भोंग्या मूळचा योगराजचा, बन्सीलालच्या एकुलत्या एका मुलाचा. पिल्लू असताना जीव मुठीएवढा आणि आवाज जत्रेतल्या भोंग्यासारखा, म्हणून हे नाव. योगराजने त्याला शीळ घालून घालून शिकवला होता. चुडामण त्याचा जिवाभावाचा मित्र. कुत्रा तयार झाला की तुझा, असा बोल योगराजने त्याला देऊन ठेवला होता. मग गेल्या वर्षी योगराज ओल्या हातांनी विहिरीवरच्या मोटारघरात स्टार्टर दाबायला गेला आणि विजेला चिकटून तिथेच गेला.

त्यानंतर बन्सीलालने मोटारघराचं दार उघडलं नाही. मोटार त्याने दुसऱ्या विहिरीवर हलवली. पण या विहिरीजवळ उभं राहिलं की पाठीमागून, त्या बंद दाराकडून, शीळ येई. हुबेहूब, शेवटाला जरा वर चढणारी. केळीच्या पानांत वारा वाजतो, असं तो स्वतःला समजावी. याबद्दल त्याने कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता, बायकोला, सुमनबाईलाही नाही.

भोंग्याची चाचणी दोनदा झाली होती. नव्या मालकाने चाचणीच्या वेळी शेतात थांबायचं नाही, असा रिवाज. चुडामण दोन्ही वेळा रस्त्यावर थांबला आणि दोन्ही वेळा बन्सीलालने येऊन सांगितलं, कुत्रा वळला. बन्सीलाल कुत्र्याच्या बाबतीत कधी खोटं बोलला नव्हता. आपल्याला खोटं बोलावं लागलं नाही, याचंच त्याला बरं वाटलं होतं. कारण तयार म्हटलं की भोंग्या जाणार, आणि योगराजच्या हातचं जिवंत असं घरात दुसरं काही उरलं नव्हतं.

आज निघताना सुमनबाईने योगराजचा चामडी पट्टा तेल लावून पुढे केला होता. "पोऱ्यानी बोल दियेल शे. तो मोडाना नही," एवढंच ती म्हणाली. बन्सीलालने तिच्याकडे पाहायचं टाळलं.

चुडामणही आज रस्त्याकडे गेला नाही. "डुक्कर काय गप बठस का, आबा? आज पोतं धरीसन मीच समोर बसस," असं म्हणत तो हरभरा काढलेल्या मोकळ्या रानातून पलीकडच्या बांधावर गेला. रिवाज मोडत होता, पण त्याचं म्हणणं खोडून काढता येईना. चुडामणने पोतं हलवलं. बन्सीलालने पट्टा सोडला.

भोंग्या सुटला. कान मागे, पोट जमिनीला समांतर. असा पळताना त्याला योगराजने पाहायला हवं होतं, असं बन्सीलालच्या मनात आलं. कुत्रा पाटाशी पोचला. सकाळ कोंदट होती, केळीचं एकही पान हलत नव्हतं.

शीळ आली.

मोटारघराचं दार तसंच बंद होतं. कडीवर गंज चढला होता. उंबऱ्याशी गवत वाढलं होतं.

पलीकडून भुंकणं ऐकू आलं. भोंग्या पाट ओलांडून पोत्याला भिडला होता. आपल्याला शीळ ऐकू आली, मग कुत्र्याला येणार नाही? वळणारच तो. बिचारं मुकं जनावर, अजून धनी शोधतं. बन्सीलालने डोळे पुसले.

चुडामण भोंग्याला घेऊन सावकाश परत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"वळना," बन्सीलाल म्हणाला. "आजून कच्चा शे. नही जमाव."

चुडामणने बंद दाराकडे एकदा नजर टाकली.

"शीळ मालेबी ऐकू उनी, आबा," तो हळू आवाजात म्हणाला. "पन भोंग्या वळना नही. मी समोर व्हतू. तुम्हीच वळनात."