कोरड्या मडक्याची शिट्टी

आखातातल्या मनामा शहरात एका प्रदर्शनात पेरू देशातली हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी आली होती. ती काचेच्या कपाटांत मांडायचं काम सीमाकडे होतं. त्यातल्या एका जोडमडक्यात पाणी हिंदकळलं, की त्यावरचा मातीचा पक्षी शिट्टी वाजवी. ते एका लहान मुलाच्या थडग्यात सापडलं होतं.

दुपारी तिने ते कपाट बंद केलं आणि शिट्टी ऐकू आली. बारीक, थांबून थांबून.

"तस्नीम, ह्यात पाणी ओतलंस का गं?"

"नाय गो, कोरडं ठणठणीत आहे," सोबत काम करणारी रत्नागिरीची तस्नीम म्हणाली. "आणि मला तर कायच ऐकू येत नाय."

सीमाने काचेला कान लावला. गेल्या वर्षी दम्याने गेलेल्या तिच्या लहानग्या लेकीची, अन्वीची छाती अशीच वाजायची. ती वाजायची थांबली, तेव्हा सीमा शिफ्टवर होती.

आताही शिट्टी मंदावत गेली आणि थांबली.

सीमाने काचेला कपाळ टेकवलं. "श्वास घे, बाळा," ती रडत म्हणाली. "आई इथेच आहे."

तिच्या ओठांसमोर, काचेच्या आतल्या बाजूने, हळूहळू वाफ धरू लागली.