लोण्याला लागलेली नजर

तासभर घुसळूनही लोणी येईना, तेव्हा आत्याने रवी थांबवून दारातल्या भाचीकडे बोट दाखवलं. “नवरा सोडून आलेल्या बाईची नजर पडल्यावर कसलं येतंय लोणी!” भाचीला तिची कीव आली. दही कोमट होतं. गार पाणी घातलं की लोणी येतं, हे तिला लहानपणी आईनेच शिकवलं होतं. तिने आईकडे पाहिलं. आई खाली बघत म्हणाली, “जरा पायरीवर बस गं.” आत्या हात धुवायला गेली, तेवढ्यात फ्रिजचं दार हळूच वाजलेलं भाचीने पायरीवरून ऐकलं. पाचच मिनिटांत आत्या किंचाळली, “बघितलंस वहिनी? ती गेली आणि आलं लोणी!” “खरंच की,” म्हणत आई लोण्याची वाटी घेऊन बाहेर आली. “पाणी तूच घातलंस ना?” लेकीने विचारलं. “हळू बोल, ताईंना ऐकू जाईल.” लेकीने वाटी ढकलली. आत्या निदान मनापासून मूर्ख होती.