लाइन

गल्लीपलीकडच्या ब्रेंडाने आपल्या भिंतीवरचा हूक काढला आणि लॉरेनची दोरी कपड्यांसकट गल्लीतल्या चिखलात पडली. लॉरेनला आधी वाटलं, कोळशाची गाडी येतेय. गाडी आली की गल्लीत आडव्या बांधलेल्या दोऱ्या उतरवाव्याच लागतात. मग तिला आठवलं, संप सुरू झाल्यापासून कोळशाची गाडी इकडे फिरकलेलीच नाही.

"अगं ब्रेंडा, काय झालं?"

ब्रेंडाने आत जाऊन कडी घातली. भर दिवसा, मागच्या दाराला. या गल्लीत असं कुणी करत नाही.

लॉरेनने कपडे गोळा केले. लेकीचे दोन फ्रॉक, एक चादर, आणि नवऱ्याची, बॅरीची, खाणीतली नारिंगी डांगरी. ती हातात आली तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. संपावरच्या माणसाची डांगरी मळत नाही. ती धुवायची वेळ येते, गुपचूप कामावर गेलेल्याच्या बायकोवर.

लाइन हा शब्द या गावात कशालाही चालतो. कपडे वाळत घालायची दोरी म्हणजे लाइन, कोळशाच्या वाघिणींचे रूळ म्हणजे लाइन, फुकटच्या सूपसाठी वाडगं घेऊन उभं राहायचं तीही लाइनच. पण इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या खाणी संपाने बंद पडून अकरा महिने झाले, आणि आता नुसतं लाइन म्हटलं की खाणीच्या फाटकावर खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसं. ती लाइन ओलांडून आत गेलेल्याशी गाव मरेपर्यंत बोलत नाही. रोज पहाटे पोलिसांच्या गराड्यात एक बस तिच्यातून आत जाते. खिडक्यांना लोखंडी जाळ्या, आतल्यांची तोंडं झाकलेली. काल आत दोघं होते, आज तिसरा दिसला. हा तिसरा कोण, हे सकाळपासून सगळं गाव हुडकत होतं. आणि लॉरेनबाईंनी नेमका आजच मुहूर्त साधला.

तिने डांगरी पुन्हा खळबळून काढली आणि स्वयंपाकघरात चुलीवरच्या दांडीवर टाकली. तेवढ्यात मागच्या दाराने सासू आली.

"गेला होता का तो?" हिल्डाने उभ्याउभ्याच विचारलं.

"नाही हो आई, तुमची शपथ! वर्षभर जिन्याखाली पडली होती ही. पोरीला थंडीचं अंगावर घालायला काही नाही. म्हटलं, कापून विजार शिवावी. हे बघा ना, मापसुद्धा काढलंय."

टेबलावर कात्री होती. शेजारी मापाने कापलेलं वर्तमानपत्र.

"मग सकाळी होता कुठे? फाटकावर नव्हता म्हणतात."

"खाणीच्या टाकाऊ दगडांच्या ढिगावर. कोळसा वेचायला गेला होता."

"बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही."

हिल्डा खुर्चीत बसली. विजारीच्या मापाचा तो कागदाचा इवलासा पाय तिने हातात घेतला.

"माझ्या पोटचा आहे तो," ती म्हणाली. "उपाशी मरेल, पण आत जायचा नाही. येऊ दे त्याला, दोघं मिळून फाटकावर जातो. वर्षभर या गावाला सूप वाढतेय मी. माझ्यासमोर तोंड उघडायची कुणाची छाती आहे, बघतेच."

लॉरेनच्या जिवात जीव आला. हिल्डाच्या शब्दाला गावात वजन होतं.

बॅरी आला तो खांद्यावर अर्धं पोतं घेऊन. कोटावर, छातीपाशी थुंकी होती. त्याने ती पुसली नव्हती.

"डेनिस," तो म्हणाला.

डेनिस म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा जिवलग.

"त्याला सांगितलं नाहीस, आत गेलो नव्हतो म्हणून?" लॉरेनने विचारलं.

"त्याने विचारलं कुठे?"

लॉरेन ओलं फडकं घेऊन पुढे झाली. त्याने तिचा हात बाजूला सारला.

"चल," हिल्डा उठली. "आत्ताच्या आत्ता चल. मी सांगते एकेकाला."

"काय सांगशील, आई? अकरा महिने उभा होतो मी तिथे. पोलिसांच्या काठीने डोकं फुटलं माझं. आणि त्यातल्या एकाला, एकालाही वाटलं नाही की बॅरी असं करायचा नाही?"

"मला वाटलं ना! मी आहे ना!"

त्याने हात वर करून डांगरीचा पाय पिळला. चुलीवर पाणी पडून चर्र झालं.

"थुंकी तर मिळालीच आहे," तो म्हणाला. "आता पगारही घेतो. लॉरेन, ती कात्री ठेवून दे. डांगरी सकाळी लागेल."

"बॅरी, चेष्टा पुरे."

"चेष्टा करतोय असं दिसतंय?"

लॉरेन तोंडात पदर कोंबावा तसं ते फडकं तोंडाशी धरून रडायला लागली. हिल्डाने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. मागचं दार दोन पावलांवर होतं. ती वळली आणि बाहेरच्या खोलीतून पुढच्या दाराकडे गेली. या घरांची पुढची दारं प्रेत न्यायलाच उघडतात. हे दार शेवटचं उघडलं होतं बॅरीच्या बापासाठी. त्याची कडी गंजून घट्ट बसली होती.

"आई, निघायची नाही ती. मागून जा," बॅरी तिच्यामागे येत म्हणाला. "बरं थांब, मी काढतो."

"तू हात लावू नकोस," हिल्डा म्हणाली, आणि दोन्ही हातांनी कडी ओढत राहिली.