घोड्यांचं कलम

"परवा दुपारी," फ्रेंच कर्नल दुवेर्ने म्हणाले. "त्याआधी तोफा थांबणार नाहीत."

ग्रीसमधल्या सालोनिका शहरातल्या त्या खोलीत तहाची बाकी कलमं ठरली होती. बल्गेरिया युद्ध हरला होता, आता फक्त किंमत ठरायची होती. बल्गेरियाकडून वाटाघाटींना द्रागानोव आले होते. त्यांच्यासोबतचे मेजर तोनेव सकाळपासून एकाच कलमावर अडून बसले होते: सैन्यात नेलेले घोडे शेतकऱ्यांना परत मिळाले पाहिजेत, नाहीतर यंदा पेरणी व्हायची नाही.

"उद्या दुपारी थांबवा," द्रागानोव म्हणाले. "एका दिवसात किती पोरं जातात, तुम्हाला मी सांगायला नको."

"पोरं चार वर्षं जाताहेत. आजच एवढी घाई का?"

द्रागानोव जरा घुटमळले. "माझा मुलगा आहे तिथं. अस्पारूह. बावीस वर्षांचा."

मेजरांनी चमकून पाहिलं. दोघांची ओळख आठवड्याभराचीच, घरचं बोलणं कधी निघालंच नव्हतं.

दुवेर्नेंनी सिगारेट विझवली. माणूस दुष्ट नव्हता, त्याचं कामच तसलं होतं.

"कुठल्या टेकडीवर आहे? तिथल्या तोफा आत्ता बंद करतो."

"तेच तर ठाऊक नाही. आमचं सैन्य बापालासुद्धा पत्ता लागू देत नाही. विचारा या मेजरांना."

"लष्करी गुपित आहे ते," मेजर गुरगुरले.

कर्नलना हसू आवरेना. "म्हणजे एका पोरासाठी मी अख्खी आघाडी गप्प करायची! बरं, उद्या दुपारी. पण घोडे आमचे."

"दिले," द्रागानोव म्हणाले, आणि मेजरांनी तोंड उघडायच्या आत सही करून मोकळे झाले.

परतीच्या मोटारीत मेजर भडकले. त्यांचं चुकत होतं असंही नाही.

"स्वतःच्या पोरापायी देशाचे घोडे फुंकून टाकलेत! नांगराला आता बायकांना जुंपायचं का? जनाची नाही, मनाची तरी ठेवायची होती. सोफियात पोचलो की चारचौघांत सांगणार आहे मी."

लांबवर तोफा चालूच होत्या.

"खुशाल सांगा, मेजर. फक्त माझ्या घरी येऊन बोलू नका. अस्पारूहला पुरून दोन वर्षं झाली, तरी दार वाजलं की त्याची आई अजून धावत येते."