शेपटी

"ही शेपटी नाही तर काय आहे?" चिहिरोनं संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं. एन्झाइमच्या खोबणीत निळ्या जाळीचा एक गोळा बसला होता आणि त्याच्या एका टोकाला किंचित फुगवटा होता.

नेझू-सान शेजारच्या खुर्चीत होते. प्रयोगशाळेत सगळ्यांत जुने, आणि दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालण्यात पटाईत.

"ग्लिसरीन आहे ते," ते म्हणाले. "थंडीत ओठांना लावतेस ना, तेच. गोठवायच्या आधी स्फटिक त्यातच बुडवतेस. तेच शिरलंय आत."

"ग्लिसरीनला शेपटी नसते."

"आणि तुझ्या रेणूची एवढीशीच असते? बाकीची कुठं गेली?"

"हलत असते. हलणारं क्ष-किरणांच्या नकाशात उमटत नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला."

मातीतल्या एका जिवाणूचं हे एन्झाइम. एका लांब रेणूला वळवून ते अँटिबायोटिक घडवतं. रेणू आत कसा बसतो ते एकदा दिसलं, की खोबण रुंद करायची आणि त्याच जिवाणूकडून नवं औषध करून घ्यायचं. बोलायला काय जातं! त्यासाठी आधी एन्झाइमचे स्फटिक करावे लागतात, आणि स्फटिक म्हणजे मुलखाची हट्टी जात. आधी धरत नाहीत, धरले तर क्ष-किरणांत टिकत नाहीत. चिहिरोचा करार मार्चमध्ये संपत होता. रेणू दिसला तर प्रयोगशाळेचे प्रमुख, सेन्सेई, मुदतवाढ मागणार होते. नाही दिसला तर गाशा गुंडाळून तोयामाला, आईवडिलांकडे. आणि हा माणूस ग्लिसरीन, ग्लिसरीन करत बसला होता.

नेझू-साननी माउस ओढून घेतला. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी आली, नावं झाकलेली.

"एका स्फटिकात तुझा रेणू घातलाय. दुसरा कोरा, नुसता ग्लिसरीनमध्ये बुडवलेला. मीच ठेवला होता मागच्या खेपेला. तुझा कुठला, ओळख."

चिहिरोला हसू आलं. यात ओळखायचं काय?

"डावा. शेपटी बघा किती स्वच्छ आहे. उजवीकडचा नुसताच गोळा."

नेझू-सान हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नावं उघडली. डावा कोरा होता.

चिहिरोला इतका संताप आला, की तो कुणावर काढावा तेच कळेना.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आठवडाभर दुसरं काय सांगतोय?"

दार उघडलं. सेन्सेई आत आले, दोन्ही हातांत मिठाईचं खोकं धरून. लाल-पांढरे मान्जू. कुणाचं पहिलं चित्र आलं की सेन्सेई ते स्वतः जाऊन आणायचे, ही इथली रीत. रेणू दिसला, असं चिहिरोनं परवा घाईघाईनं त्यांना कळवून टाकलं होतं.

"दाखव बघू," म्हणत ते पडद्याशी वाकले आणि कुणी काही बोलायच्या आत डाव्या चित्रावर त्यांनी बोट ठेवलं. "हा! अरे वा, शेपटीसकट. मार्चनंतरचं मी वर बोलून आलोय, चिहिरो. आता काळजी सोड."

नेझू-सान चष्मा पुसायला लागले. ते बोलणार नव्हते, एवढं तिला कळलं. तीही गप्प बसली असती तर कुणाला काय समजणार होतं? खोक्याची दोरी अर्धी सुटली होती.

"सेन्सेई, तो कोरा स्फटिक आहे," ती म्हणाली. "ते ग्लिसरीन आहे."

सेन्सेई तसेच वाकलेले राहिले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी चित्र आणखी जवळून पाहिलं.

"पण शेपटी दिसतेय की गं."

"हो," चिहिरो म्हणाली. "मलाही दिसली होती."