आधी अंधाराचं

“छान. चेहरा उघडला. टाक प्रिंटला,” भाऊ म्हणाला, आणि ताईचा आपल्या कानांवर विश्वास बसेना.

छान! हा शब्द तिने शिकायला बसल्यापासून त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. वयाने धाकटा, लहानपणी हिचंच बोट धरून शाळेत गेलेला, पण शिकवायला बसला की पक्का मास्तर. स्टुडिओ त्याचा होता. ताई काउंटर सांभाळायची, गिऱ्हाइकांना तारखा द्यायची, फोटो पाकिटात घालायची. मग एके दिवशी त्याने तिला कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, यापुढे एडिटिंग तू करायचं. का, ते काही बोलला नाही. या वयात हे काय नवीन खूळ, असं ती म्हणाली आणि हट्टाने शिकली.

गोष्ट ऐकायला सोपी होती. फोटोत उजेड आणि अंधार शेजारी शेजारी असतात, एकाला सुधारायला जावं तर दुसरा बिघडतो. म्हणून फोटोवर मास्क, म्हणजे एक झाकण, लावायचा. मास्क पांढरा असेल तिथेच बदल होतो, काळा असेल तिथे फोटो जसाच्या तसा राहतो. कॉम्प्युटर आधी उजळ भाग पकडतो. सावली हवी असेल तर ती निवड उलटी करायची आणि मग नुसती सावलीच हलक्या हाताने वर आणायची. एवढंच. या एवढ्याशातच तिची बरेचदा शोभा झाली होती.

कारण तो काम नुसतं बघून सोडायचा नाही. प्रश्न विचारायचा. कपाटामागे काय दिसतंय? बाईंच्या स्वेटरचा रंग कोणता आलाय? पोराच्या डोळ्यांखाली डाग पडलेत का? ताई शाळेतल्या मुलीसारखी घडाघडा उत्तरं द्यायची. तो ‘हं’ म्हणायचा आणि पुढचा फोटो उघडायला सांगायचा.

हेही तिने चालवून घेतलं असतं. तिला खरं लागलं होतं ते वेगळंच. उजळ भागांचे मास्क, म्हणजे आभाळ, खिडक्या, पांढरे कपडे, हे तो तिला शिकवतच नव्हता. ते स्वतःच करायचा. विचारलं की म्हणायचा, आधी अंधाराचं पक्कं होऊ दे. सावल्या उपसायला बहीण, आणि आभाळाला मात्र हा एकटाच हात लावणार. सख्ख्या बहिणीपासूनसुद्धा हा हातचं राखून ठेवतो, याचं तिला फार वाईट वाटत होतं. आजचा फोटो जमला तर उजेडाचं शिकव, नाहीतर मी आपली काउंटरवर बरी, असं तिने सकाळीच त्याला तोंडावर सांगितलं होतं.

फोटो एका शिंप्याचा होता. दुकानात मशीनवर बसलेला, मागे मोठी खिडकी, खिडकीबाहेर रणरणतं ऊन, आणि त्याचा चेहरा काळोखात. नुकताच तो वारला होता. बायकोकडे त्याचा अलीकडचा दुसरा फोटो नव्हता. चेहरा तेवढा दिसला पाहिजे हो, असं ती पुन्हा पुन्हा सांगून गेली होती. आता थोड्या वेळात ती फोटो न्यायला येणार होती.

काम संपवून ताईने सवयीने स्क्रीनऐवजी भावाकडे बघितलं. चुकलं असेल तर ते आधी त्याच्या कपाळावर दिसायचं. तो स्क्रीनजवळ वाकला होता, अगदी नाक टेकेल इतका. कपाळावर आठी नव्हती. छान, म्हणाला. तिला भरूनच आलं.

प्रिंट द्यायला ती स्क्रीनकडे वळली. खिडकी पांढरीफटक झाली होती. बाहेरचं झाड, रस्ता, सगळं उडालं होतं. शिंपी मात्र होता तसाच काळा. घाईघाईत ती निवड उलटी करायलाच विसरली होती. अगदी नवशिक्याची चूक. शिकायला सुरुवात केली तेव्हा याच चुकीपायी त्याने तिला चांगलंच फैलावर घेतलं होतं.

थट्टा करतोय, असं तिला वाटलं. आता हसेल, मग हसेल म्हणून ती बघत राहिली. तो हसला नाही.

“त्यांचे डोळे कसे वाटतात रे तुला?” तिने विचारलं.

“शांत,” तो म्हणाला. “भला माणूस दिसतोय.”

इतके दिवस तो तिची परीक्षा घेत नव्हता. तो खरंच विचारत होता.

तिने निवड उलटी केली आणि सावली पुन्हा हळूहळू वर आणली. शिंप्याचा चेहरा उघडत गेला. बसलेले गाल, ओठांत धरलेली टाचणी, आणि फोटो काढणाऱ्यावर वैतागलेले डोळे. शांत तर मुळीच नव्हते. आता त्याची बायको त्याला ओळखणार होती.

“केव्हापासून?” ताईने विचारलं.

भावाला कळलं. तो कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसत बसला. मग त्याने सगळं सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता, त्यावर औषध नव्हतं. स्टुडिओ बंद पडू नये म्हणून त्याने तिला खुर्चीत बसवलं होतं, आणि कुणाची कीव नको म्हणून तोंड मिटून होता. आधी अंधारातलं दिसेनासं होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. उजेडातलं त्यानंतर, आणि आता तेही पुसट होऊ लागलं होतं.

हातचं राखून ठेवतो म्हणून त्याला मनातल्या मनात किती बोल लावले, ते आठवून ताईला स्वतःचीच शरम वाटली. तिचा श्वास ऐकून असेल, त्याने आपली खुर्ची ओढत तिच्या खुर्चीला लावली.

“उजेडाचं शिकायचंय ना ताई तुला?” तो म्हणाला. “आजपासूनच घेऊ.”