माहेरचा उच्चार

नवऱ्याने फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. ऐकू दे सगळ्यांना, आपण कुणाच्या बापाला भीत नाही, असा त्याचा आव होता. पण हात पुसून झाले तरी टॉवेल काही तो सोडत नव्हता.

"उद्या कोर्टात जाऊ नकोस," पलीकडचा माणूस म्हणाला. तोंडावर काहीतरी धरलं असावं; आवाज रजईखालून यावा तसा येत होता. "क्रेनचा दोर तुटला तेव्हा तू भलतीकडेच बघत होतास. तुला काही दिसलं नाही."

"क्रेन मी चालवत होतो. मला नाही दिसणार तर कुणाला?" नवरा म्हणाला. "दोर झिजलाय म्हणून आधीच सांगितलं होतं तुमच्या साहेबांना. दोन माणसं जिवानिशी गेली. तेच सांगणार मी."

"मग गाडीवरून जाताना हेमलेट घाल. डोकं एकच असतं."

मग नवऱ्याला हसू फुटलं. किती दिवसांत तो असा हसला नव्हता.

"हेमलेट! अरे, आधी हेल्मेट म्हणायला शीक, मग धमक्या दे!"

कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईही हसल्या. पलीकडून फक्त श्वास ऐकू आला आणि फोन बंद झाला.

ती ओट्यापाशी तशीच उभी होती. खरं सांगायचं तर आधी तिला बरंच वाटलं. माहेरचं कुणीतरी बोललं होतं. मग तिने गॅस बंद केला.

तिच्या गावात हेल्मेटला हेमलेटच म्हणतात आणि जनरेटरला जर्नेटर. लग्न होऊन आली तेव्हा या घराने तिच्या एकेका शब्दाची टर उडवली होती. सासूबाई स्वतः स्टूलला इष्टूल म्हणायच्या, पण ते कुणाच्या कानाला खटकत नसे. तिने मुकाट्याने जीभ वळवून घेतली. धाकट्या भावाने मात्र कधी मनावर घेतलं नाही. "मला काय इंग्लिशचा मास्तर व्हायचंय?" म्हणायचा. गावाहून या शहरात आलेली अशी ती दोघंच. भावाला इथे बोलावलं तिने, आणि आपल्याच कंत्राटदाराकडे ड्रायव्हर म्हणून चिकटवलं तिच्या नवऱ्यानेच.

"कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं.

"आलेच," एवढंच ती म्हणाली.

कंत्राटदाराचं आवार मागच्या रस्त्याला होतं. ऊन अजून उतरलं नव्हतं. भाऊ डंपरच्या चाकांवर पाणी मारत होता. तिला बघून त्याने पाइप खाली टाकला, पण नळ बंद करायचं त्याला सुचलं नाही.

"ताई? तू इकडे कशी?"

"तुझ्या भावोजींना फोन आला होता. उद्या गाडीवरून जाताना म्हणे डोक्यावर…" तिने मुद्दाम अर्धवट सोडलं. "काय रे म्हणतात त्याला?"

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. मग ओल्या फरशीवर पाय टाकावा तसं जपून म्हणाला, "हेल्मेट."

जन्मात पहिल्यांदा त्याने तो शब्द बरोबर म्हटला होता.

बाजूला पडलेल्या टायरवर ती मटकन बसली. पाण्याचा ओघळ तिच्या चपलेखाली शिरला.

"अरे, तुझी भाची त्याच गाडीवर मागे बसून शाळेत जाते."

"उद्या तिला पाठवू नकोस," तो पटकन बोलून गेला. मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं, आणि त्याचा चेहरा पार उतरला.

"ताई, आईशपथ, नुसतं घाबरवायचं होतं. साहेब म्हणाले, तू घरातला आहेस, तुला त्याचा स्वभाव माहीत आहे, तूच बोल. एक फोन, की विषय संपला. मलाही वाटलं, दुसऱ्या कुणी काही करण्यापेक्षा हे बरं. पण भावोजी हसले." त्याने मनगटाने नाक पुसलं. "साहेब शेजारीच बसले होते. त्यांनी ते हसणं ऐकलं. फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, बस, तुझं काम झालं."

"आणि आता काम कुणाचं?"

त्याने पाइप उचलला आणि धुऊन झालेल्या चाकावर पुन्हा पाणी मारू लागला.

ती उठली. नवऱ्याला सगळं सांगायचं, पोलिसांनाही सांगायचं, भावाच्या नावासकट. आईला काय तोंड दाखवायचं ते नंतर बघू. एवढं ठरल्यावर तिचे पाय आपोआप भराभर पडू लागले.

फाटक लावलेलं होतं. तिथे एक अनोळखी माणूस उभा होता, चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, कुठल्याही ऑफिसात खपून जावा असा. तिला येताना पाहून त्याने कडी काढली, फाटक तिच्यापुरतं उघडलं आणि अदबीने बाजूला झाला.

भावामुळे या आवारात तिला सगळे ताई म्हणत.

"सावकाश जा, वहिनी," तो म्हणाला.

उच्चार अगदी स्वच्छ होता. तो कुठल्या गावचा, हे तिला ओळखता आलं नाही.